कार्ड गेटवर, लेक जर्मनीत

बी-७०४ : नमस्कार मंडळी. दुपारी गेटवरून फोन आला, लेकीच्या नावाने बँकेचं पाकीट आलंय. तिच्या डेबिट कार्डाची मुदत या महिन्यात संपते, त्याचंच नवीन असणार. ती श्टुटगार्टला. कुरियरने पाठवायचा विचार आहे. कुणी पाठवलंय का असं?

सेक्रेटरी : काकू, आधी पाकीट वर मागवून घ्या. बँकेची पाकिटं केबिनच्या टेबलावर पडून राहतात ते बरोबर नाही. वॉचमनला परत सांगतो, रजिस्टरमध्ये नोंद आणि लगेच इंटरकॉम.

बी-७०४ : आणलं वर. फोडलं नाही अजून. दोन्ही बाजूंचे फोटो काढून तिला व्हॉट्सअ‍ॅप करू का? निदान नंबर तरी हातात येईल तिच्या.

ए-२०१ : वहिनी, फोटो नका काढू. नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एकत्र म्हणजे जवळजवळ अख्खं कार्डच. परदेशातल्या बऱ्याच वेबसाइट ओटीपी मागत नाहीत, तेवढ्यावर पैसे जातात. फोटो फोनच्या गॅलरीत राहतो, बॅकअपमध्ये जातो, कुठे कुठे राहील सांगता येत नाही. जुनं कार्ड छापलेल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत चालतं, म्हणजे घाई नाही.

आता एक विचारतो. खातं साधं बचत आहे की एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं इथल्या पैशांसाठीचं खातं?

बी-७०४ : कॉलेजात असताना काढलं तेच, साधं. आता ती तिथे नोकरीला आहे.

ए-२०१ : मग कार्डाआधी खात्याचं बघा. नोकरीसाठी परदेशी गेलेली व्यक्ती फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याने अनिवासी ठरते आणि तिचं इथलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. मी बँकेत असताना काउंटरवर रोज आईवडील यायचे, मुलांच्या कार्डाची चौकशी करायला. निम्म्या वेळा अडचण कार्डाची नसायचीच. खातं निवासी, पत्ता इथला, मोबाइल नंबर बंद पडलेला. अशा खात्याचं कार्ड बँक परदेशी पाठवणार कशी? अनिवासी खात्याला परदेशातला पत्ता रीतसर लागतो, आणि बऱ्याच बँका त्या पत्त्यावर कार्ड स्वतःच पाठवतात.

सी-५०३ : काका बरोबर बोलतायत. मी श्टुटगार्टलाच होतो, म्हणून पत्त्याचं सांगतो. जर्मनीत फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन पत्रपेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर तिचं आडनाव नसेल तर पाकीट सरळ परत जातं. कुणाच्या घरात खोली घेऊन राहत असेल तर पत्त्यात घरमालकाचं नाव ‘द्वारा’ म्हणून घालायचंच. माझ्या मित्राचं कार्ड याच कारणाने भारतात परत आलं होतं. तिथल्या बँकासुद्धा कार्ड एका पत्राने आणि पिन दुसऱ्या पत्राने पाठवतात, तेव्हा पेटीवर नाव हवंच.

ए-६०२ : दुबईत वेगळंच. माझी बहीण तिथे आहे. घरोघरी पोस्टमन येत नाही, पत्ता म्हणजे पोस्ट बॉक्स, तोही बहुतेक कंपनीचा. तिथल्या बँकेचा कुरियरवाला फोन करून येतो आणि तिथलं ओळखपत्र, एमिरेट्स आयडी, बघून कार्ड हातात देतो. इथून काही पाठवायचं तर पोस्ट बॉक्सच्या पत्त्याला खासगी कुरियर तयार नसतात. मोबाइल नंबर लिहावाच लागतो.

बी-७०४ : म्हणजे कुरियर नकोच? शेजारच्या सोसायटीतलं एक जोडपं पुढच्या आठवड्यात फ्रँकफर्टला चाललंय, त्यांच्याकडे दिलं तर?

ए-२०१ : कुरियरवाल्याला आधी स्पष्ट विचारा. काही कंपन्या बँक कार्ड घेतच नाहीत, आणि ‘कागदपत्रं’ लिहून आत कार्ड सरकवलं तर हरवल्यावर भरपाई मागायला तोंड राहत नाही. ओळखीच्या माणसाच्या हाती देणं त्यापेक्षा बरं, पण माणूस खरंच ओळखीचा हवा. पाकीट न फोडता द्यायचं, आणि कार्ड तिच्या हातात पडेपर्यंत पिन लावायचा नाही. हल्ली पिन ती स्वतःच ओटीपीवर लावते, पाकिटातून येत नाही.

पण तिला तिथे हे कार्ड लागतं कशाला? दुकानात तर तिथलंच वापरत असेल.

बी-७०४ : हो, तिथलंच. इथल्या खात्यातून आमचं वीजबिल, तिच्या विम्याचा हप्ता आणि म्युच्युअल फंडाची एसआयपी जाते.

ए-२०१ : मग त्यासाठी प्लास्टिक श्टुटगार्टला पोहोचायची गरजच नाही! हे सगळं नेटबँकिंगवर होतं. एसआयपी खात्यातून मँडेटने, म्हणजे बँकेला आधीच देऊन ठेवलेल्या परवानगीने जाते, कार्डाशी तिचा संबंध नाही. फक्त विम्याचा हप्ता जुन्या कार्डावर लावला असेल तर तो बदला. शिवाय एनआरओचं कार्ड बहुतेक बँकांत भारतातच चालतं. परदेशात वापरायचं तर एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या खात्याचं घ्यावं, आणि तेही अ‍ॅपमध्ये जाऊन ‘आंतरराष्ट्रीय’ चालू करावं लागतं. १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर ती सोय बंदच येते, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

खरी जपायची गोष्ट म्हणजे तिचा भारतातला मोबाइल नंबर. ओटीपी त्यावर येतो, पिन त्यावर लागतो, कार्ड ब्लॉक केल्याची खात्रीही त्यावरच. रिचार्ज संपलं आणि ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते, पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळतो. सिम कुठे आहे तिचं?

बी-७०४ : माझ्याच जुन्या फोनमध्ये. ओटीपी आला की मी तिला वाचून दाखवते.

ए-२०१ : ते थांबवा वहिनी, आजपासून. उद्या कुणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून तुम्हालाच फोन केला तर? ओटीपी वाचून दाखवायची सवय झालेली असते, तिथेच फसवणूक होते. सिम तिच्या फोनमध्ये हवं, रोमिंग चालू करून. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत.

सी-५०३ : कार्ड नको, सिमच पाठवा काकू त्या जोडप्याबरोबर 👍 किंवा ई-सिम करून घ्या, ते फोनमध्येच असतं, म्हणजे पाठवायलाच नको. यूपीआयला जर्मन नंबर चालेल असं धरू नका. २०२३ मध्ये परदेशी नंबरांना परवानगी मिळाली तेव्हा दहा देश होते, अमेरिका, ब्रिटन, अमिराती, सिंगापूर वगैरे. त्यात जर्मनी नव्हता.

ए-१०४ : आणि कार्ड परदेशात हरवलं तर? भाचा पुढच्या महिन्यात स्पेनला चाललाय.

ए-२०१ : पहिलं काम अ‍ॅपमधून ब्लॉक. १८०० चे नंबर परदेशातून बहुधा लागत नाहीत, म्हणून बँकेचा +९१ ने सुरू होणारा नंबर कागदावर लिहून वेगळ्या बॅगेत ठेवायला सांगा. बँकेला कळवल्यानंतर कार्डावर काही झालं तर ते नुकसान बँकेचं, २०१७ च्या परिपत्रकापासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. म्हणून तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवायची. व्हिसा आणि मास्टरकार्डची तातडीने बदली कार्ड देण्याची सोय आहे, पण बँकेने होकार द्यावा लागतो. त्याला दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या जागी ठेवून जाऊ दे.

बी-७०४ : ठरलं मग. पाकीट कपाटात राहील, सिमचं आज रात्रीच तिच्याशी बोलते. एनआरओचा फॉर्म शाखेत मिळेल ना?

ए-२०१ : मिळेल, वेबसाइटवरही असतो. पासपोर्ट, तिथला रहिवास परवाना आणि पत्त्याचा पुरावा लागेल. कागदपत्रांवर साक्षांकन, म्हणजे प्रती खऱ्या असल्याची सही, कुणाचं चालतं ते शाखेत आधी विचारा. वकिलातीचं मागितलं तर श्टुटगार्टसाठी म्यूनिकचा भारतीय वाणिज्य दूतावास आहे. फॉर्म आणला की या घरी, अकरानंतर मी असतो. सही मात्र तिचीच लागेल, तुमची चालणार नाही.