उत्तर: गोदावरीच्या पुरावर सुट्टीतला प्रकल्प

नववीच्या मुलांनी 'गोदावरीचे पूर' या प्रकल्पासाठी वाचनालयात नेमकं काय मागायचं, असा प्रश्न आलाय. आधी विषय आवळा: '२ ऑगस्ट २०१६ चा पूर, पंचवटी (नाशिक)' एवढाच. मग वर्तमानपत्र ३ तारखेचं मागा. मुलं हटकून घटनेच्याच दिवसाचा अंक चाळतात आणि 'काहीच नाही' म्हणत परततात. नाशिकच्या गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराची पातळी सांगतात; तिला पाणी कुठवर लागलं, हे बातमीतून टिपा. जुन्या माहितीसाठी १८८३ चं नाशिक गॅझेटिअर (जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ), खंड १६. ते ऑनलाइन शोधताना इंग्रजीत 'Nasik' टाइप करा, त्याच्या नावात 'एच' नाही. प्रत्येक नोंदीशेजारी पान क्रमांक तिथल्या तिथे लिहा.