मदत हवी आहे: विश्वामित्री नदीचा बीओडी उलटा का येतोय?

बडोदा_टीवाय:
नमस्कार मंडळी. पर्यावरणशास्त्राच्या प्रकल्पाचा विषय आहे ‘बडोद्यातील जलप्रदूषण आणि शाश्वत विकास’. प्रदूषणाचे प्रकार, व्याख्या, कायदे हा भाग लिहून झालाय. गाडी अडलीय ती आकड्यांवर. विंकलर पद्धतीने (रसायनं घालून) डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन काढला, मग बाटल्या २० अंशांवर पाच दिवस ठेवून बीओडी, म्हणजे तेवढ्यात जिवाणूंनी खाल्लेला ऑक्सिजन. सगळे आकडे मिग्रॅ प्रति लिटर.

ठिकाण १, नदी शहरात शिरण्याआधी: सकाळी ८, पाणी २५ अंश. डीओ ७.१, पाच दिवसांनी ५.३. बीओडी १.८.
ठिकाण २, शहराच्या मध्यात पुलावरून: डीओ ३.४, पाच दिवसांनी ०. बीओडी ३.४.
ठिकाण ३, मोठा नाला मिळाल्यावर पुढे: डीओ १.२, पाच दिवसांनी ०. बीओडी १.२.
ठिकाण ४, शहरातला एक तलाव: दुपारी ३.३०, पाणी ३० अंश. डीओ ११.८.

ठिकाण ३ला वास मारतोय, पाणी काळं आहे, आणि बीओडी मात्र सगळ्यांत कमी. असं कसं? तलावाचा ११.८ हा आकडा तरी शक्य आहे का? नमुना दोरीला बादली बांधून काढला, बादलीतून बीओडीच्या बाटलीत ओतला, तासाभराने कॉलेजात रसायनं घातली. नमुने पातळ केलेले नाहीत.

ब्युरेट:
तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. ठिकाण २ आणि ३ला तुम्ही बीओडी मोजलेलाच नाही, बाटलीत सुरुवातीला किती ऑक्सिजन होता तेवढंच पुन्हा लिहिलंय. बीओडी म्हणजे सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातील, ती भूक. ताटात सव्वा भाकरी वाढली आणि ताट रिकामं झालं, तर भूक सव्वा भाकरीचीच होती असं म्हणता येत नाही. ताट पाच दिवसांत रिकामं झालं की पहिल्याच दुपारी, हेही त्यातून कळत नाही. त्यामुळे पाणी जितकं घाण, तितका सुरुवातीचा डीओ कमी आणि तितकाच हा खोटा ‘बीओडी’ही कमी. उलटा क्रम तिथून आला.

नियम असा: शेवटी बाटलीत निदान १ मिग्रॅ/लि डीओ शिल्लक राहिला पाहिजे आणि मधली घट निदान २ हवी. या दोन्ही अटींत बसणारी बाटलीच धरायची, बाकीच्या सोडायच्या. (ठिकाण १ची घट १.८ आहे, म्हणून तिथे ‘२ पेक्षा कमी’ असं लिहा. स्वच्छ पाण्याला ते चालतं.)

त्यासाठी घाण नमुना पातळ करावा लागतो. पातळ करायचं पाणी असं बनवा. डिस्टिल्ड पाण्यात मत्स्यालयाच्या छोट्या पंपाने दोन-तीन तास हवा सोडा. मग दर लिटरला फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड या चारही ठरलेल्या द्रावणांचा १-१ मिली घाला. नळाचं पाणी अजिबात नको, त्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं आणि बीओडी पुन्हा खोटा कमी येतो.

३०० मिलीच्या बाटलीत नमुना किती घालायचा?

ठिकाण २: १५०, ७५ आणि ३० मिली, म्हणजे ५०, २५ आणि १० टक्के.
ठिकाण ३: ३०, १५ आणि ६ मिली, म्हणजे १०, ५ आणि २ टक्के.

१० टक्क्यांची बाटली साधारण २० ते ६५पर्यंतचा बीओडी पकडते, २ टक्क्यांची १०० ते ३२५पर्यंतचा. पल्ले एकमेकांवर येतात, म्हणून तीनपैकी एक तरी बाटली कामाची निघते. प्रत्येक प्रमाणाच्या दोन बाटल्या भरा: एकीचा डीओ लगेच काढायचा, दुसरी इन्क्युबेटरमध्ये (ठरलेलं तापमान राखणाऱ्या पेटीत). समजा ३० मिली नमुन्याच्या बाटलीत सुरुवातीला ७.६ आणि शेवटी ३.९ आला. घट ३.७, भागिले ०.१, बीओडी ३७.

नुसत्या पातळ करायच्या पाण्याच्याही दोन बाटल्या ठेवा. त्यांची घट ०.२च्या वर गेली तर पाणी किंवा बाटल्याच अस्वच्छ होत्या, ती अख्खी फेरी रद्द. ठिकाण १च्या दोन धरून सगळ्या मिळून १६ बाटल्या लागतील, तेवढ्या आधी मोजून घ्या. आणि अंधार हवाच. उजेडात शेवाळ ऑक्सिजन सोडत बसतं.

नदीकाठ:
ब्युरेट यांनी बीओडीचं सांगितलं, मी बादलीचं सांगतो. मूळ डीओचे आकडेही पक्के नाहीत. बादली पाण्यावर आपटते, वर येताना हिंदकळते, मग तुम्ही ती ओतता: प्रत्येक वेळी हवा मिसळते. ठिकाण ३ला नदीत प्रत्यक्षात शून्याच्या जवळ असेल आणि तुम्हाला १.२ दिसला असेल. पुढे तासभर बाटली तशीच राहिली, त्यात जिवाणूंनी थोडा ऑक्सिजन खाल्ला. एक चूक आकडा वर नेते, दुसरी खाली आणते. पण दोन्ही सारख्या असतात असं नाही, तेव्हा ‘फिटंफाट झाली’ म्हणून सोडू नका.

काठावर उतरायचं मात्र नाही. कोणत्याही कारणाने नाही. विश्वामित्रीत भर शहरात मगरी आहेत, आणि फेब्रुवारी ते एप्रिल त्या काठाच्या मातीत खड्डे करून अंडी घालतात. त्या काळात मादी घरट्याजवळच असते. नमुना पुलाच्या मध्यावरून, दोघांनी मिळून, दिवसाउजेडी.

त्यासाठी घरी होणारं साधन: दोन लिटरचा रुंद तोंडाचा पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा डबा, घट्ट झाकण, तळाशी दीड-दोन किलो वजन. आत बीओडीची बाटली उभी बसवा. झाकणाला दोन भोकं. पहिल्या भोकातून रबरी नळी थेट बाटलीच्या तळापर्यंत जाते, दुसऱ्यातली आखूड नळी डब्याच्या वरच्या भागातली हवा बाहेर सोडते. डबा पाण्याखाली गेला की पाणी आधी बाटलीच्या तळाशी शिरतं, बाटली भरून वाहते आणि वाहिलेलं पाणी डब्यात साठतं. म्हणजे पहिलं, हवा लागलेलं पाणी धुऊन निघतं आणि बाटलीत राहतं ते मागाहून आलेलं. वर बुडबुडे यायचे थांबले की डबा काढा आणि बाटली पाण्यातच बूच लावून उचला. तिरकी करून पाहा. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी ती बाटली ओता आणि पुन्हा भरा.

आणि रसायनं पुलावरच घाला. २ मिली मँगनस सल्फेट, २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही वेळा पिपेटचं टोक पाण्याच्या आत. बूच लावून पंधरा-वीस वेळा उलटसुलट करा. तपकिरी साका (तळाशी बसणारा गाळ) म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढराशुभ्र म्हणजे नाही. साका अर्ध्या बाटलीपर्यंत बसला की पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या, मग २ मिली तीव्र गंधकाम्ल. साका विरघळून पिवळसर सोनेरी रंग आला की ऑक्सिजन ‘बांधला’ गेला. मग अंधाऱ्या पेटीत घालून त्याच दिवशी टायट्रेशन करा (रंग जाईपर्यंत थेंबथेंब द्रावण सोडून मोजा).

बडोदा_टीवाय:
खूप आभार दोघांचे. पाच दिवसांनी २ आणि ३च्या बाटल्यांत पांढराच साका होता, मला वाटलं रसायन बिघडलं! आणखी एक, टायट्रेशनमध्ये निळा रंग जातो आणि दोन-तीन मिनिटांनी परत येतो. कोणता आकडा धरू? मोजनळीतून (ब्युरेटमधून) सोडायचं थायोसल्फेट मागच्या सत्रातलं आहे.

ब्युरेट:
निळा रंग पहिल्यांदा गेला तो आकडा. नंतर येणारा निळा हवेमुळे किंवा पाण्यातल्या नायट्राइटमुळे. लगेच, काही सेकंदांतच परत येत असेल तर अझाइडचं द्रावण जुनं झालंय.

मागच्या सत्रातलं थायोसल्फेट तसंच वापरू नका, ते हळूहळू कमजोर होतं. ०.०२५ नॉर्मल (द्रावणाच्या तीव्रतेचं माप) साठी स्फटिक थायोसल्फेट ६.२०५ ग्रॅम एका लिटरला. ताजं केलं तरी तपासायचंच: पोटॅशियम डायक्रोमेट १.२२६ ग्रॅम प्रति लिटर, त्याचे २० मिली घ्या, पोटॅशियम आयोडाइड आणि आम्ल घालून पाच मिनिटं अंधारात ठेवा, मग टायट्रेट करा. बरोबर २० मिली लागलं तर द्रावण नेमकं. २२ लागलं तर ते कमजोर आहे, पुढचा प्रत्येक आकडा २० भागिले २२ने गुणा.

बाटलीतलं २०३ मिली घ्या, २०० नव्हे. चार मिली रसायनांनी जेवढा नमुना बाहेर ढकलला त्याची भरपाई त्या तीन मिलींत होते, आणि मग ब्युरेटचा १ मिली म्हणजे थेट १ मिग्रॅ/लि. स्टार्च सुरुवातीला घालू नका. रंग फिकट, वाळलेल्या गवतासारखा झाला की मग घाला. स्टार्च निळ्याऐवजी जांभळट दिसत असेल तर ते खराब झालंय, टाकून द्या.

हिरवं_पाणी:
तलावाचा ११.८ शक्य आहे, आणि माझ्या मते तुमच्या वहीतला तोच सगळ्यांत बोलका आकडा आहे. ३० अंशांना हवेतून पाण्यात ७.५६ एवढाच ऑक्सिजन मुरू शकतो. ११.८ म्हणजे त्याच्या दीडपट. तो शेवाळाने भर उन्हात तयार केलेला. पाणी हिरवट होतं ना? पीएचही घ्या, ९च्या आसपास मिळेल, कारण शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं.

आता त्याच जागी सूर्योदयापूर्वी नमुना घ्या. रात्रभर तेच शेवाळ, मासे आणि गाळातले जिवाणू ऑक्सिजन खातात, बनवत कुणीच नाही. पहाटे डीओ ३च्या खाली उतरला तर नवल नाही. मासे सकाळी तोंड वर काढून मरतात ते यामुळे. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस तलावात साठला की हे सुरू होतं. अहवालात दुपारचा आणि पहाटेचा आकडा शेजारी शेजारी द्या. डीओपुढे वेळ आणि तापमान नसेल तर तो वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

बडोदा_टीवाय:
पहाटे जाते, बाबा येतील बरोबर. शाश्वत विकासाचं प्रकरण मात्र या आकड्यांना कसं जोडू? आत्ता तिथे १९८७च्या ब्रुंटलँड आयोगाची व्याख्या आहे (पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं), एवढंच.

नदीकाठ:
व्याख्या दोन ओळींत संपवा आणि आकड्यांना पट्टी लावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत अंघोळीच्या पाण्याला डीओ निदान ५ आणि बीओडी ३पर्यंत. मासे जगण्यासाठी डीओ निदान ४. नदीत सोडायच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याला सर्वसाधारण मानक बीओडी ३०. आता पाहा: ३०चं सांडपाणी कायद्यात बसतं, पण ते विरून ३पर्यंत यायला नदीत निदान दहापट स्वच्छ प्रवाह हवा. उन्हाळ्यात विश्वामित्रीत तेवढं पाणी असतं का? माझ्या मते प्रकरण इथून सुरू व्हावं. प्रत्येक नाला नियमात बसूनही नदी मरू शकते, कारण नियम नळीच्या तोंडाशी मोजतो आणि नदीची सहनशक्ती ऋतूप्रमाणे बदलते.

दुसरं उदाहरण बडोद्याचंच. कारखान्यांचं सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारा कालवा १९८३पासून चालू आहे. त्याने शहराजवळच्या नद्यांवरचा भार हलवला. हलवला की कमी केला, हे स्वतः लिहा, दोन्ही बाजू मांडा. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येय ६मध्ये प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याचं प्रमाण २०३०पर्यंत निम्मं करायचं म्हटलंय, कुठेतरी दूर नेऊन सोडायचं असं म्हटलेलं नाही.

बडोदा_टीवाय:
हे फार उपयोगी आहे. शेवटचं विचारते: आमचा इन्क्युबेटर २० अंशांना नीट टिकत नाही, २३-२४ दाखवतो.

ब्युरेट:
मग २७ अंश, तीन दिवस. आपल्याकडचं मानकही आता तसंच लिहितात, वरचं ३० हे तीन दिवस २७ अंशांचंच आहे. नुसतं खोलीत ठेवू नका, बडोद्याच्या उन्हाळ्यात खोली कुठे जाईल सांगता येत नाही. वारांचंही पाहा: सोमवारी पाच दिवसांची बाटली ठेवली तर ती शनिवारी उघडावी लागते. तीन दिवसांची सोमवारी ठेवा आणि गुरुवारी, त्याच वेळेला, प्रयोगशाळा उघडी असताना काढा.

आणि अझाइडची मूळ बाटली आम्लापासून लांब. सरळ आम्लात पडलं तर विषारी वायू सुटतो. उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका, धातूच्या नळांत त्याचे स्फोटक क्षार साठतात. झाकणाच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरा, वर ‘अझाइड’ लिहा आणि प्रयोगशाळा सहायकांच्या हातात द्या.