मदत हवी आहे: आजोबांचा शंख-शिंपल्यांचा संग्रह म्युझियमला द्यायचाय

आमच्या दादरच्या घरात आजोबांनी जमवलेले दोनेकशे शंख-शिंपले आहेत, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय म्हणून दोन महिन्यांत घर रिकामं करायचंय. विकायचे नाहीयेत, पैसे नकोत, चांगल्या ठिकाणी जावेत एवढंच. बहुतेकांसोबत चिठ्ठी आहे, कुठल्या किनाऱ्यावर कधी मिळाला ती (अक्षर मात्र डॉक्टरांसारखं), पन्नासेक बिनचिठ्ठीचे. सगळ्यांचे फोटो काढून एक्सेलमध्ये यादी केलीये.

डोक्यात दोन जागा आहेत, बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) हॉर्नबिल हाऊस, कारण ते १८८३ पासून नमुने सांभाळतायत, नाहीतर जवळच्याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला प्राण्या-पक्ष्यांचा विभाग. दोन्हीकडे मेल टाकायच्या आधी विचारतोय, कारण घोडं अडलंय वेगळ्याच ठिकाणी. काही शंख १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहेत, आणि आमच्यातला एक मोठा मला तसलाच वाटतोय. आजोबांचा जमाना त्याआधीचा, पण कागद काहीच नाही. ‘ओएलएक्सवर टाक’ कृपया सांगू नका.

कोणी असं काही दिलंय का? आधी वनखात्याकडे जायचं की थेट म्युझियमकडे, आणि बिनचिठ्ठीचे ते घेतात का?