बिनबियांच्या केळ्याचे नवे वाण कसे काढतात?

केळ्याला बीच नसेल, तर संशोधक नवे वाण काढतात तरी कसे, असा प्रश्न वर विचारला गेला आहे. केळे आडवे कापले की मधोमध जे बारीक काळे ठिपके दिसतात, ती न वाढलेल्या बियांची खूण होय. बाजारात नेहमी दिसणाऱ्या केळ्यांच्या कॅव्हेंडिश या गटातील झाडांच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि बी धरत नाही. लागवड मुनव्यांपासून (बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांपासून) किंवा ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून वाढवलेल्या, रोपांपासून होते, म्हणजे एकाच झाडाच्या प्रती सगळीकडे उभ्या राहतात आणि एकाला गाठणारा रोग सर्वांना गाठतो. ग्रो मिशेल हे वाण पनामा मर या बुरशीजन्य रोगामुळे विसाव्या शतकाच्या मध्यावर निर्यातीतून असेच बाद झाले.

उत्तर दडले आहे ते टणक बियांनी भरलेल्या रानकेळ्यांत (त्यांत गर जेमतेमच असतो). अशाच एका रानकेळ्यातील, पनामा मर रोगाला प्रतिकार करणारे आरजीए २ हे जनुक घालून ऑस्ट्रेलियात तयार केलेल्या कॅव्हेंडिशला २०२४ मध्ये तेथे लागवडीची परवानगी मिळाली. मला मात्र बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील केळ्यांच्या वाणांचा संग्रह अधिक मोलाचा वाटतो, कारण तेथे १५०० हून अधिक नमुने परीक्षानळ्यांत मंद वाढीवर जिवंत राखलेले असून अनेकांचे कोंब उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपलेले आहेत.