जपान टूर, एप्रिल: बॅगा भरण्याआधी

बी-३०२: मंडळी, जपानला आपल्या सोसायटीचे २२ जण पक्के. बहुतेकांचा पहिलाच परदेश. तिकीट, हॉटेल, बस टूरवाले बघतील. पण आपल्या बॅगेत काय सापडलं याचं उत्तर तिथल्या कस्टम्सला आपल्यालाच द्यावं लागतं. म्हणून आधी औषधं. सी-१०१ मावशी, तुम्ही सांगा.

सी-१०१: सर्दीच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून घटक वाचा. 'स्यूडोएफेड्रिन' (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) दिसलं तर ती पट्टी घरीच ठेवायची. १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेलं औषध जपानमध्ये पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाही, आणि आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी म्हणजे ती परवानगी नव्हे. कोडीन (अफूच्या जातीचं औषध) असलेलं खोकल्याचं औषधही नको. नुसतं पॅरासिटामॉल चालतं.
बीपी, शुगर, थायरॉइडची रोजची औषधं एक महिन्यापुरती नेता येतात. त्याहून जास्त न्यायची तर 'युन्यू काकुनिन-शो' नावाचा दाखला आधी मागवावा लागतो. आपली टूर आठ दिवसांची, तेव्हा पंधरा दिवसांची घ्या, म्हणजे विमान लांबलं तरी पुरतील.

ए-४०४: मावशी, गोळ्या सोमवार-मंगळवारच्या डबीत भरून नेल्या तर?

सी-१०१: नको गं. डबीतली सुटी पांढरी गोळी कशाची, ते कुणालाच सांगता येत नाही. मूळ पट्टीतच ठेव, सोबत जेनेरिक नाव लिहिलेलं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन. आणि काका-काकूंनो, इन्सुलिन केबिन बॅगेतच. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं.

बी-५०३: आता बॅगेचं माप. टोकियो ते क्योतो शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने जायचंय. त्या मार्गावर लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपर्यंतची बॅग तशीच नेता येते. १६१ ते २५० झाली की तिच्यासाठी जागेसकट खास सीट राखून ठेवावी लागते; नाही ठेवली तर १,००० येन भरायचे. माप चाकं आणि हँडल धरून. दुकानात '२८ इंची' म्हणून मिळणारी बॅग ७८ बाय ५२ बाय ३२ भरली तर बेरीज १६२, म्हणजे दोन सेंटिमीटरने गेली! २४ इंची घ्या.
शिवाय मधल्या स्टेशनांवर गाडी एक-दोन मिनिटंच थांबते. २२ माणसं एका दाराशी उभी राहिली तर शेवटची चार फलाटावरच राहतील. फलाटावर डब्याचा नंबर लिहिलेला असतो, तिथे दोन दारांना अकरा-अकरा जणांची रांग लावायची. ज्येष्ठ मधोमध, दोन तरुण शेवटी.

ए-४०४: दादा, मोठी बॅग कुरिअरने पुढे पाठवता येते ना?

बी-५०३: हो, 'ताक्क्युबिन'. टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवर द्यायची, क्योतोच्या हॉटेलात साधारण दुसऱ्या दिवशी मिळते. म्हणून एका रात्रीचे कपडे आणि सगळी औषधं पाठपिशवीत हवीत. पासपोर्ट त्या बॅगेत गेला तर मोठीच पंचाईत! पर्यटकाने पासपोर्ट कायम जवळ बाळगायचा, हा तिथला कायदा आहे. झेरॉक्स चालत नाही.

सी-२०२: चहासाठी आपली इलेक्ट्रिक किटली घेऊ का?

बी-३०२: नको वहिनी. तिथे वीज १०० व्होल्टची. आपली २३० व्होल्टवर १५०० वॅट देणारी किटली तिथे जेमतेम २८० वॅट देईल. लिटरभर पाणी उकळायला इथे चार मिनिटं, तिथे वीस. बहुतेक हॉटेलांत किटली असतेच. फोनच्या चार्जरवर '१००-२४०' छापलंय का बघा. असेल तर फक्त पिनचा प्रश्न. तिथलं सॉकेट दोन चपट्या पिनांचं असतं, आपली गोल पिन जात नाही. एका खोलीला एक अॅडॉप्टर पुरतो. पॉवर बँक केबिनमध्ये, हाताशी; चेक-इनला टाकायची नाही.

सी-२०२: बरं. आणि खाण्याचं? आमच्याकडे दोघं शुद्ध शाकाहारी.

ए-१०४: इथे नीट लक्ष द्या, कारण मांसाचा तुकडा दिसला नाही म्हणजे शाकाहारी, असं तिकडे नसतं. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, उडोन (जाड नूडल्स), भाजीवरचा रस, सगळ्यांत बहुतेक वेळा 'दाशी' असतं, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क. 'नो मीट' म्हटलं की मटण-चिकन काढतात, दाशी तसंच राहतं. म्हणायचं ते असं: 'निकु, साकाना, दाशी नुकि दे ओनेगाइशिमास'. मांस, मासा, दाशी वगळून द्या. अंडंही नको तर 'तामागो' जोडा. हेच जपानी लिपीत छापून प्रत्येकाच्या पाकिटात ठेवू, उच्चाराचा घोळ नको.
भात मात्र कुठेही मिळतो, आणि तो आपल्या इंद्रायणीसारखा मऊ, चिकट. त्यावर मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी, पोटभर जेवण झालं! म्हणून घरून जड काही नको. मेतकूट पाव किलो, चटणी पाव किलो, दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्या. लोणचं चेक-इनमध्ये, झाकणाला टेप लावून, दोन पिशव्यांत.
ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, कच्चे डाळ-तांदूळ नेऊ नका; वनस्पती-तपासणीच्या दाखल्याशिवाय ते आत सोडत नाहीत. मटण-चिकन असलेलं पाकीटबंदसुद्धा नाही. सुक्या खोबऱ्याची वाटी तर आपल्याच विमानतळावर काढून घेतील, तेलामुळे ती पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात.

बी-५०३: ट्रेनचं सुइका कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून गेटवर टेकवायचं कार्ड, प्रत्येकाला वेगळं. नवरा-बायकोत एक चालत नाही, कारण आत जाताना टेकवलेलं कार्ड बाहेर पडेपर्यंत त्याच एका प्रवाशाचं असतं. रोख येन थोडे ठेवा. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममध्ये परदेशी कार्डं चालतात, पण इथून निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा.

ए-४०४: व्हिसाची प्रिंट किती काढायच्या?

बी-३०२: ई-व्हिसा असेल तर प्रिंट चालणारच नाही, स्क्रीनशॉटही नाही. विमानतळावर इंटरनेट सुरू ठेवून फोनवर ते पान उघडून दाखवावं लागतं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी आत्ताच सांगा, म्हणजे टूरवाल्यांशी बोलता येईल. इमिग्रेशन-कस्टम्सची माहिती 'व्हिजिट जपान वेब' या तिथल्या सरकारी साइटवर आधी भरून क्यूआर कोड काढायचा.

ए-१०४: आणखी एक. सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने कर्कश वाजले तर तो भूकंपाचा इशारा. धावत जिन्याकडे जायचं नाही. डोकं सांभाळून टेबलाखाली जायचं, हादरे थांबेपर्यंत. पोलीस ११०, अॅम्ब्युलन्स ११९.

बी-३०२: शनिवारी संध्याकाळी ६ वाजता क्लबहाऊसमध्ये मेजरिंग टेप आणि वजनकाटा ठेवते. रिकाम्या बॅगा घेऊन या. औषधांच्या पट्ट्यांचे मागच्या बाजूचे फोटो सी-१०१ मावशींना वेगळे पाठवा, ग्रुपवर टाकू नका.