दोन लॅपटॉपांतून एक निवडताना: तुमचे अनुभव हवेत

भाची यंदा इंजिनिअरिंगला गेली. दोन लॅपटॉपांवर घोडं अडलंय. एक सव्वा किलोचा, 8 जीबी रॅमचा. दुसरा सव्वादोन किलोचा, 16 जीबी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. शिकताना अशी निवड केलेल्यांनी पुढे काय झालं ते सविस्तर लिहा.

* * *

मी मेकॅनिकलला होतो, जड घेतला. वजन नुसतं लॅपटॉपचं नसतं. 230 वॉटचा चार्जरच पाऊण किलोच्या घरात. बॅटरी दोन तासांत मान टाकायची, म्हणून वर्गात कायम प्लगजवळची जागा धरायचो. तिसऱ्या वर्षी सॉलिडवर्क्समध्ये (यंत्रांची थ्रीडी डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) मोठ्या असेंब्ली, म्हणजे खूप सुटे भाग जोडलेली मॉडेल्स, आल्या, तेव्हा मात्र अख्खा ग्रुप माझ्याच टेबलाभोवती असायचा.

* * *

मी हलका घेतला होता, 8 जीबीचा. रॅम काय, नंतर वाढवू म्हटलं. दीड वर्षाने मागचं झाकण उघडलं तर रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, मोकळा स्लॉटच नाही. खूप वाईट वाटलं. अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) आणि एम्युलेटर (लॅपटॉपवरच चालणारा आभासी फोन) एकदम सुरू केले की टायपिंगसुद्धा अडखळायचं. एसएसडी तेवढी बदलता आली: 256 जीबीची काढली, 1 टीबीची बसवली, एका स्क्रूचं काम. म्हणून कळकळीने सांगते, पैसे मोजकेच असतील तर ते रॅमवर घाला, स्टोरेज मागाहून वाढतं. माहितीपत्रकात रॅमपुढे ‘ऑनबोर्ड’ लिहिलंय का आणि जास्तीचा स्लॉट आहे का, एवढं बघाच.

* * *

मॅकचा विचार असेल तर आधी सीनियरना सॉफ्टवेअरची यादी विचारा. सॉलिडवर्क्स मॅकसाठी निघतच नाही. मी दोन वर्षं लॅब उघडायची वाट बघत काढली.

* * *

मी कायद्याची विद्यार्थिनी, दिवसभर पीडीएफ. माझा पहिला स्क्रीन 250 निट्सचा (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) होता. खिडकीजवळ बसलं की अक्षरांऐवजी स्वतःचा चेहरा दिसायचा. आताचा 400 निट्सचा, 1920 बाय 1200 पिक्सेलचा, म्हणजे जरा उंच आहे. पानाच्या तीन-चार ओळी जास्त मावतात, डोळेही चुरचुरत नाहीत. प्रोसेसरची चर्चा सगळे करतात, पण आपण बघतो स्क्रीनकडे.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. हलक्याचं माहितीपत्रक आत्ताच काढलं: ऑनबोर्ड, स्लॉट नाही. उद्या तोच घ्यायला निघालो होतो. भाचीची शाखा कम्प्युटर, मोठ्या असेंब्लींचा प्रश्न नाही. त्याच मॉडेलमध्ये 16 जीबीचा आहे, तो बघतो.