अनोळखी विक्रेत्याची पारख तुम्ही कशी करता?

ऑनलाइन बाजारपेठेचे नाव ओळखीचे असले, तरी वस्तू विकणारा बहुधा कुणी तिसराच असतो. तो भरवशाचा आहे की नाही, हे आपण कशावरून ठरवता? ‘तारे पाहतो’ एवढ्यावर न थांबता नेमके काय पाहिले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, ते लिहावे, ही विनंती.

*

मी सरासरीकडे फारसे पाहत नाही. थेट एक तारा दिलेले अभिप्राय उघडते. फुटलेली वस्तू हाती पडणे कुणाच्याही बाबतीत घडू शकते, परंतु त्या तक्रारीखाली विक्रेत्याने ‘कुरिअरवाल्याला विचारा’ म्हणून हात झटकले आहेत, की वस्तू बदलून दिली आहे, यावरून माणूस कळतो.

*

इअरफोनच्या एका पानावर हजारो अभिप्राय होते. सर्वांत जुने वाचू लागलो, तर ‘कापड मऊ आहे, दोन धुण्यांनंतरही रंग गेला नाही’! उशीच्या अभ्र्याच्या पानावर वस्तूचे नाव आणि चित्र बदलून इअरफोन चढवले होते. तारे मात्र अभ्र्यांचेच राहिले. तेव्हापासून अभिप्राय तारखेनुसार लावून दोन्ही टोकांकडून वाचतो.

*

माझ्या खोक्यात एक चकचकीत कार्ड निघाले: पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, काही रक्कम परत मिळवा. वस्तू वाईट नव्हती, तरी त्या विक्रेत्याकडे पुन्हा गेले नाही.

*

जुनी कॅमेरा लेन्स घेताना मी एकच मागणी करतो: त्या दिवशीची तारीख हाताने लिहिलेला कागद लेन्सशेजारी ठेवून, तिचा अनुक्रमांक दिसेल असा फोटो पाठवा. एकाने तो लगेच पाठवला, शिवाय मी न विचारलेला कडेचा ओरखडाही दाखवला. दुसरा म्हणाला, ‘फोटो आहेत तेवढे पुरेत, पैसे थेट खात्यावर टाका, स्वस्तात देतो.’ बाजारपेठेबाहेर पैसे दिले, तर फसवणूक झाल्यावर तिच्याकडे दाद मागण्याचा मार्ग सहसा उरत नाही, म्हणून मी तिथेच बोलणे थांबवले.

*

थोडी जुनी गोष्ट. ईबेने परस्परांना शेरे देण्याची सोय १९९६ मध्ये सुरू केली, तेव्हा विक्रेताही ग्राहकाला वाईट शेरा देऊ शकत असे. साहजिकच उलट शेरा मिळेल या धास्तीने अनेक नाराज ग्राहक गप्प बसत. अखेर २००८ मध्ये विक्रेत्यांची ती मुभा काढून घेण्यात आली. त्यामुळे एखाद्याची पाटी अगदीच कोरी दिसली, की तक्रार करणाऱ्याला तिथे कशाची भीती किंवा लालूच होती का, हे मी आधी तपासते.

*

मी स्वतः विकतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. नव्या विक्रेत्याकडे अभिप्राय असणार कुठून? त्याचा पूर्ण पत्ता दिला आहे का, परतीचा खर्च कोण सोसणार हे स्पष्ट लिहिले आहे का, ते पाहा, आणि शंका असेल तर आधी एखादी किरकोळ वस्तू मागवा. माझे बरेचसे कायमचे ग्राहक असेच आले.